एक नंबरची टिकली

टिकलीच्या पाकिटावर एका कोपऱ्यात नंबर छापलेला असतो. गिऱ्हाईक तो वाचत नाही, दुकानदार मात्र तोच वाचतो. नंबर जितका लहान, टिकली तितकी मोठी. सहा नंबरची मुगाच्या दाण्याएवढी, चार नंबरची वाटाण्याएवढी, एक नंबरची शर्टाच्या बटणापेक्षाही मोठी. बेळगावच्या वडगावात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, रिळं, परकर आणि गल्ल्याजवळच्या काचेखाली टिकल्या. समोरच्या घरात दिवसभर माग चालतात, त्यामुळे गिऱ्हाइकाशी मोठ्यानं बोलायची सवय लागली आहे. बावीस वर्षं झाली. बाई दुकानात शिरली की मला तिच्या नावाआधी तिचा टिकलीचा नंबर आठवतो.

वहिनीचा नंबर सहा होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाला घरीदारी सगळे अण्णा म्हणतात. निपाणीजवळच्या खेड्यात त्यांची शेती आहे, ऊस आणि थोडा तंबाखू. वहिनीचं माहेर चिकोडीकडचं, घरात कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला ‘तो दूध’ आणि ‘ती आंबा’ म्हणताना आम्ही पोरं हसायचो. आता तिचं मराठी आमच्यापेक्षा धारदार आहे. फक्त पैसे मोजताना आणि घाबरली की ती कानडीत जाते. मला ती वन्सं म्हणते, मी तिला वैनी.

माहेरी जाताना मी तिच्यासाठी टिकल्यांची पाच-सहा पाकिटं नेते. एका वर्षी ती म्हणाली, पुढच्या खेपेला पाच नंबरची आणा. त्यानंतर चार. मग तीन, मग दोन, शेवटी एक. मी चेष्टा केली.

"वैनी, ह्या वयात फॅशन सुचाय लागली व्हय गं?"

"जावई येणार आता घरात," ती म्हणाली. "सासू जरा ठळक दिसाय पायजे."

मी हसले आणि पाकिटं दिली. नंबर का उतरत चाललाय, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक असती तर विचारलं असतं. घरच्या माणसाला आपण विचारत नाही, चेष्टा करतो.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी ती न कळवता दुकानात आली. निपाणीहून एकटी, हातात रिकामी पिशवी.

"वन्सं, एक नंबरपेक्षा मोठी असती काय?"

"असती की. स्टीलची ताटली."

ती हसली नाही. दोन बायका फॉलचा रंग जुळवत होत्या, त्या जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "शटर जरा खाली वढा."

मी शटर अर्ध्यावर ओढलं. तिनं नखानं टिकली काढली. खाली पांढरं होतं. रंग फिका झालेला नव्हता, कातडी चुन्यासारखी पांढरी झाली होती. आकार अगदी गोल, टिकली ठेवून रेघ मारावी तसा, आणि कडेनं एक रेघभर बाहेर आलेला. म्हणून एक नंबर पुरेना झाला होता.

"कवापासनं?"

"पाच नंबर मागितला तवापासनं."

आधी तांदळाच्या दाण्याएवढं होतं म्हणे. टिकलीखाली झाकलं. ते वाढलं, तसं तिनं मोठी टिकली घेतली. ते आणखी वाढलं. तीन वर्षं हा खेळ चालला होता आणि टिकल्या माझ्या दुकानातल्या होत्या.

"वन्सं, हे ते न्हाय नव्हं?"

"ते म्हंजे काय?"

मराठीत त्याला कोड म्हणतात, कानडीत तोन्नू. एरवी एका शब्दाला दोन्ही भाषा हाताशी असलेली ही बाई, दोन्हीकडचा शब्द गिळून बसली होती. तिच्या माहेरी एक आत्या होती. हातावर आणि ओठांवर पांढरे डाग. तिचं लग्न झालं नाही. तिचं ताट-तांब्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळं असायचं आणि पोरांना तिच्या हातचं पाणी पिऊ देत नसत. हा रोग लागट नसतो, हे आता दवाखान्याच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. पण वहिनीनं ते कोनाड्यातलं ताट पाहिलं होतं.

त्यातून भाचीचं, म्हणजे वहिनीच्या पोरीचं, लग्न ठरत आलं होतं. भाची पुण्यात नोकरीला, मुलगाही तिथेच, मूळचा चिकोडीजवळचा. दोघांचं एकमेकांवर मन होतं. मोठ्यांची बोलणी तेवढी बाकी होती. दिवाळीनंतर मुलाकडची माणसं घर बघायला येणार होती.

"पोरीला त्येनी बघितलंय. आता मला बघाय येणार," वहिनी म्हणाली. "आई बघून पोरगी करत्यात. हे दिसलं की म्हणतील, रगतातच हाय. मोडतील."

"अण्णाला म्हाईत हाय?"

"न्हाय. कुणालाच न्हाय. तुमास्नी सांगितलं ते टिकल्या तुमच्या म्हणून."

ती टोमणा मारत नव्हती. तरी मला तो लागला. मी शटर पूर्ण खाली ओढलं, स्कूटर काढली आणि तिला कॅम्पातल्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई धारवाडकडच्या. मराठी बोलतात, पण कानडीच्या चालीनं. त्यांनी भिंग लावून कपाळ पाहिलं, अंगावर आणखी कुठे आहे का ते पाहिलं. कुठे नव्हतं. मग म्हणाल्या, "टिकलीचं पाकीट आहे काय?"

वहिनीनं पिशवीतून काढून दिलं. त्यांनी टिकली उलटी करून बोटानं गोंद चाचपला.

"हे कुठनं घेतलं?"

वहिनीनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्या दुकानातनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"ह्या गोंदामध्ये एक औषध असतं," त्या म्हणाल्या. "काही बायकांचं तिथला रंग तयार करणारं काम बंद पडतं. सगळ्यांना होत नाही. तुमाला झालं. टिकली बंद करायचं. मलम लावायचं. आणि लेसर."

"लेसर म्हंजे भाजत्यात काय?" वहिनीनं विचारलं. "ल्हानपणी पोटावर डाग दिलाय मला, कावीळ झाली म्हणून. आता डाग घालवाय परत डाग देणार?"

डॉक्टर हसल्या. "भाजत नाही. उजेड टाकतो, तेवढ्याच जागेवर. झोपलेला रंग जागा करायला. हप्त्याला दोन वेळ यायचं. किती महिने ते मी सांगणार नाही."

"आनी हे पसरंल काय?"

"बहुतेक नाही. लिहून देणार नाही. पण टिकली लावत राहिला तर नक्की पसरेल."

"टिकली न्हाय तर कुंकू?"

"कपाळाला काही लावायचं नाही. काही म्हणजे काही."

वहिनी एवढा वेळ धीरानं बसली होती. हे ऐकल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पार भुवयांपर्यंत ओढला. पांढऱ्या डागावर उपाय आहे, हे तिला पटलं. पण उपाय म्हणून नवरा असताना मोकळ्या कपाळानं हिंडायचं, हे तिला डागापेक्षा अवघड वाटलं. मी तिला दोष देत नाही. आमच्या भागात मोकळं कपाळ दिसलं की पुढचा प्रश्न एकच असतो.

घरी सांगायला मी खोटं तयार केलं. वहिनीच्या डोळ्यांत दोष निघालाय, हप्त्याला दोनदा बेळगावला शेक घ्यायला यावं लागेल आणि डोळ्यांच्या डॉक्टरनं टिकली बंद केली आहे. एकाच खोट्यात तिन्ही गोष्टी बसल्या. अण्णानं फोनवर एवढंच विचारलं, "टिकलीचा नि डोळ्याचा काय संबंध?" मी म्हटलं, शिरा तिथनंच जातात. तो बरं म्हणाला.

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. निपाणीच्या स्टँडवर महाराष्ट्राची लाल गाडी आधी यायची, पण तिला पूर्ण तिकीट. कर्नाटकाच्या गाडीला बायकांना तिकीटच नाही, आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. वहिनी रिकामी लाल गाडी सोडून कर्नाटकाच्या गाडीत उभी राहून यायची. बेळगावच्या स्टँडवरून मी तिला स्कूटरवर घ्यायचे, दवाखान्यात सोडायचे, अर्ध्या तासानं परत न्यायचे. मधल्या वेळेत दुकान शेजारणीवर.

लेसरची खोली लहान होती. एक पलंग, एक मशीन आणि मशीन चालवणारी तरुण मुलगी. आत जाणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणायची, "आंटी, टिकली काढा." आणि प्रत्येक बाई काढलेली टिकली दाराच्या चौकटीला चिकटवायची. कुणी वांग घालवायला आलेली, कुणी हनुवटीवरचे केस, कुणी लहानपणीचं गोंदण. परत जाताना स्वतःची टिकली ओळखून काढून घ्यायची आणि आरशात बघून लावायची. काही विसरून जायच्या. ती चौकट मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसायची. मी बाहेरच्या बाकावर बसून नंबर वाचायचे. चार, सहा, सहा, पाच, तीन.

आत ती मुलगी वहिनीच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवायची. डागाच्या कडेनं पांढरं मलम फासायची, चांगल्या कातडीला उजेड लागू नये म्हणून. मग मशीनचं तोंड कपाळाला टेकवायची आणि टक-टक असा आवाज यायचा. सगळं मिळून चहा गार होईपर्यंतचं काम. दुसऱ्या दिवशी तिथे गुलाबी व्हायचं, तिसऱ्या दिवशी उतरायचं.

पाचव्या की सहाव्या वेळेला मशीनवाली मुलगी बाहेर येऊन मला म्हणाली, "आंटी, ह्या घरी टिकली लावतात."

"तुला कसं कळलं?"

"गोंद आहे. गोल."

वहिनी बाहेर आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "गावातनं निघताना लावती. वाटंत संकेश्वर आलं की काढती. परत जाताना संकेश्वरला लावती."

"म्हंजे हिकडं आम्ही रंग आणायचा आनी तू संकेश्वरला पुसायचा."

"लोक इचारत्यात वन्सं."

"इचारू देत. डोळं म्हणून सांगायचं. न्हाय जमत तर येऊ नको. माझं दुकान बंद राहतंय ते तुझ्या संकेश्वरासाठी न्हाय."

मी हे जरा मोठ्यानंच बोलले. बाकावरच्या बायका ऐकत होत्या. वहिनीनं पिशवीतून एक नंबरचं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. चार टिकल्या उरल्या होत्या. तेव्हापासून तिनं खरोखर लावली नाही.

त्याच आठवड्यात मी रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडे ते पाकीट घेऊन गेले. गोंद बदला म्हटलं. तो म्हणाला, "अक्का, गोंद बदलला तर टिकली पडंल. पडली की बायका माझ्याकडं न्हाय, तुमच्याकडं भांडाय येतील." त्याचं बरोबर होतं. मी तो माल परत केला आणि दुसऱ्याचा आणला. त्याच्या गोंदात काय आहे, तेही मला कळायला मार्ग नाही.

दिवाळीच्या थोडं आधी डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि भिंग दिलं. पांढऱ्या गोलात बारीक तपकिरी ठिपके उमटले होते. भाकरीचं पीठ मळताना नाचणीचे दाणे पडावेत तसे. प्रत्येक ठिपका एकेका बारीक केसाच्या मुळाशी होता. "तिथं रंग शिल्लक असतो," डॉक्टर म्हणाल्या. "तिथनं बाहेर येतो. आता भ्यायचं नाही." वहिनीनं आरसा मागितला, पाहिलं आणि म्हणाली, "पाहुणं यायच्या आत भरंल?"

"नाही. अर्धंमुर्धं."

अर्धंमुर्धं म्हणजे आणखी वाईट, असं तिचं मत पडलं. पांढऱ्या गोलाला निदान लांबून टिकली समजता आलं असतं.

दिवाळी झाली. पाहुण्यांचा दिवस पंधरवड्यावर आला. त्या शुक्रवारी वहिनी स्टँडवर उतरली. स्कूटरवर बसली, दवाखान्यात गेली, लेसर घेऊन आली. दुकानात आणून चहा दिल्यावर म्हणाली, "वन्सं, एक चुकी झालीया."

संकेश्वरला तिच्या माहेरच्या गल्लीतली एक बाई गाडीत चढली होती. वहिनीहून चार-पाच वर्षांनी मोठी, सगळ्या गावाच्या खबरा बाळगणारी. शेजारी बसली, तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. हलक्या आवाजात तिनं कानडीत विचारलं, "यावाग आत?" म्हणजे, कधी झालं?

वहिनीला वाटलं, पदर सरकला आणि हिला डाग दिसला. ती घाबरली. घाबरली की कानडी. तिनं खरं ते सांगून टाकलं, तीन वर्षं झाली.

"तीन वर्षं? आणि आम्हाला कळवलं न्हाईस?"

"कुणाला सांगायचं? सगळ्यांपासनं झाकून ठेवलंय."

त्या बाईनं वहिनीचा हात हातात घेतला. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर असं व्हायला नको होतं म्हणाली. देवाच्या पुढं कुणाचं चालतंय म्हणाली. वहिनीला वाटलं, किती समजूतदार बाई, आपण उगाच भ्यालो. मग ती बाई डोळे पुसत म्हणाली, "अण्णा लई चांगला माणूस होता."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? न्हाय, हाय जित्ता, असं म्हटलं तर कपाळ मोकळं कशाला म्हणून इचारणार. मग ते सांगाय लागणार. मी गप बसली."

"म्हंजे तू अण्णाला मारलंस."

"मी न्हाय मारलं. तिनं मारलं. मी निस्ती गप बसली."

ती बाई यमकनमर्डीला उतरली. एरवी दोन गाव ऐकतील एवढ्या मोठ्यानं निरोप घेणारी, त्या दिवशी ‘येतो’ न म्हणताच उतरून गेली. दुखवट्याच्या घरातून निघताना आमच्याकडे कुणी ‘येतो’ म्हणत नाही. अशा कामाला पुन्हा यायला लागू नये म्हणून. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. कानडीतही तसंच आहे. ती तशी उतरली, तेव्हा वहिनीला कळलं की हे आता तिच्या हातात राहिलेलं नाही.

"तिचा फोन नंबर?"

"माझ्याकडं न्हाय."

"तुझ्या माहेरी फोन लाव आनी सांग, गैरसमज झाला."

"काय म्हणून झाला, ते सांगाय नको?" ती म्हणाली. "पंधरा दीस ऱ्हायल्यात. पंधरा दीस गप बसा वन्सं. बोलणी होऊ देत. मग मी सोताच सगळ्यास्नी सांगती, अण्णा जित्ता हाय म्हणून."

मी गप्प बसले, पण मला माझं माहेर माहीत आहे आणि तिचंही. रविवारी दुकान बंद ठेवून पहिल्या गाडीनं गावी गेले. अण्णाला काहीतरी सांगून ठेवावं, एवढाच बेत होता. काय सांगायचं ते गाडीत ठरलं नाही.

अण्णा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. मी त्याच्यासमोर चहा घेत होते. वहिनी आत भाकरी करत होती. तेवढ्यात एक पांढरी गाडी दारात थांबली. आधी वहिनीचा चुलतभाऊ उतरला, त्याच्या खांद्यावर टॉवेल. मागून एक बाई, संकेश्वरला वहिनीच्या गाडीत चढलेली तीच. आणि तिच्या मागून, डोक्यावर पदर घेतलेली, मुलाची आई. भाचीची होणारी सासू. तिचा फोटो मी भाचीच्या मोबाईलवर पाहिला होता.

गाडीतल्या बाईनं फाटकातच गळा काढला. अण्णा दचकून उठला. हाताला ग्रीस, डोळ्यांत भीती. तीन माणसं डोक्यावर पदर आणि खांद्यावर टॉवेल घेऊन दारात आली म्हणजे वाईट खबर घेऊन आली, असं त्यानं धरलं. त्यानं स्वतःचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि चुलतभावाला विचारलं, "कोण गेलं?"

गाडीतल्या बाईचा आवाज अर्ध्यावर तुटला.

"आप्पा, कोण गेलं ते सांगा," अण्णा पुन्हा म्हणाला. "सासूबाई बऱ्या हाईत नव्हं?"

चुलतभावानं त्या बाईकडे पाहिलं. त्या बाईनं अण्णाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, पायांपाशी जरा जास्त वेळ. मुलाची आई कुणाकडेच न बघता शांत उभी होती. मग म्हणाली, "आम्हांस्नी असं कळलं, की तुम्हीच गेलासा."

"मी? कुठं?"

मला हसू आलं आणि ते मी दाबलं, कारण वहिनी आतून आली होती. हाताला पीठ. पदर खांद्यावर. चुलीपुढे बसताना तो डोक्यावर राहत नाही. सकाळचं ऊन सरळ तिच्या कपाळावर पडलं होतं आणि सगळे तिकडेच बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं. डोळे, शिरा, डॉक्टर, सगळं जिभेवर तयार होतं. वहिनीनं पिठाचा हात वर करून मला थांबवलं.

ती मुलाच्या आईसमोर गेली आणि कानडीत म्हणाली, "तोन्नू." मग तोच शब्द नवऱ्यासाठी मराठीत म्हणाली. "कोड हाय असं मला वाटलं. डॉक्टर न्हाय म्हणत्यात, टिकलीच्या गोंदानं झालंय म्हणत्यात. पर मी तुमास्नी सांगितलं न्हाय. माझी आत्या तशी होती. पोरीचं मोडंल म्हणून मी तुमच्या मेल्याचं सुद्धा ऐकून घेतलं."

शेवटचं वाक्य अण्णासाठी होतं. तो ग्रीसचे हात तसेच अंगापासून लांब धरून उभा होता.

मुलाच्या आईनं वहिनीची हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे वळवलं. बाजारात वांगं बघतात तसं पाहिलं, सावकाश.

"मधी मधी हे ठिपकं कसलं?"

"रंग परत यायलाय," मी म्हणाले. "लेसर करतोय आम्ही बेळगावात. हप्त्याला दोनदा."

"दुखतंय?"

"न्हाय," वहिनी म्हणाली. "गरम लागतंय जरा."

"आणि ह्या टिकल्या कुठल्या?"

वहिनीनं माझ्याकडे बोट केलं नाही. मीच म्हणाले, "माझ्या दुकानातल्या."

बाईनं आपल्या कपाळावरची टिकली काढली. चार नंबर. उलटी करून गोंद पाहिला, मग माझ्याकडे कपाळ पुढे करून म्हणाली, "बघा काय दिसतंय."

मी पाहिलं. काही नव्हतं. तसं सांगितलं. तिनं टिकली परत लावली, आरसा नसल्यामुळे जरा डावीकडे.

"बसा की," अण्णा म्हणाला. काय बोलावं ते न सुचून तो पुढे म्हणाला, "मी हाय म्हटल्यावर चहा घ्याय काय हरकत न्हाय."

दुखवट्याला आलेली माणसं चहा घेत नाहीत. चुलतभावानं खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि बसला. गाडीतली बाई सारखी म्हणत होती, मी कुठं म्हटलं, हीच म्हणाली तीन वर्षं झाली. वहिनीनं चहा केला. मी कप नेऊन दिले. बोलणं उसाच्या तोडीवर गेलं, पुण्यातल्या भाड्यावर गेलं, पण लग्नाबद्दल मुलाच्या आईनं एक अक्षर काढलं नाही. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि हातावरचं वाळलेलं पीठ नखानं सोलत होती.

"तुला ठावंच नव्हतं व्हय रं?" मी अण्णाला पंपापाशी हळूच विचारलं.

"टिकली दर साली मोठी होत्या, ते दिसत न्हाय व्हय मला? वाटलं, सांगंल तवा सांगंल," तो म्हणाला. "डोळं माझं बिघडल्यात, असं समजून बसलीसा तुमी दोघी."

कप रिकामे झाले. चुलतभाऊ उठला, कुणाला काही न म्हणता गाडीकडे गेला. सवयीनं गेला असेल. गाडीतली बाई त्याच्या मागून गेली. मुलाची आई चपला घालून फाटकापर्यंत पोचली. वहिनी चौकटीपाशीच होती.

फाटकापाशी मुलाची आई वळली. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला होता.

"येतो आम्ही," ती म्हणाली. "ठरल्या दिवशीच. मुलाच्या बापाला घेऊन."

गाडी गेल्यावर वहिनीनं मला विचारलं, "येतो म्हणाली नव्हं?"

"म्हणाली."

"तुमी ऐकलासा?"

"वैनी, परातीत भाकरीचं पीठ वाळायलंय."

ती आत धावली.

मंगळवारी ती नेहमीच्या गाडीनं आली. स्टँडवर मी तिला लांबूनच पाहिलं. डोक्यावर पदर नव्हता. शेजारी अण्णा होता, हातात माझ्यासाठी दुधाची बाटली. त्याला म्हणे लेसर कसं असतं ते बघायचं होतं. स्कूटरवर तिघं बसत नाहीत, म्हणून मी रिक्षा केली.